नात्याचं अक्षर

भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, गोपीनाथ पुसदकरांची ओळख सांगायची तर लोक आधी नाव घेत नसत, आधी हात झटकत. "वो? वो नहीं मानेंगे," आणि मग नाव. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस नोंदणीसाठी आलेला अर्ज हातात घ्यायचा तो बोटांच्या टोकांनी, जणू कागदाला ओली हळद लागलीय. रकाना रिकामा असेल तर परत. सही रेघेबाहेर गेली तर परत. जन्मतारखेतला आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला असेल तर परत, आणि सोबत एक छोटेखानी भाषण. एकदा म्हणे मोठ्या साहेबांच्या बायकोचा अर्ज त्यांनी फोटोत एकच कान दिसतो म्हणून परत पाठवला होता. बाईंनी निमूट दोन कानांचा फोटो काढून आणला. ही गोष्ट पिपलानीत इतक्यांदा सांगितली गेली, की अलीकडे तर बाईंना चार कान असल्यासारखं वाटायचं.

तसा माणूस साधा. आकाशी रंगाची जुनी स्कूटर, दर रविवारी फडक्याने पुसलेली. बाहेर सगळ्यांशी हिंदी, घरात पाऊल टाकलं की वडिलांच्या वेळचं पुणेरी मराठी. लग्न राहून गेलेलं. बघण्याचे कार्यक्रम चार झाले, पुढे काही झालं नाही. पत्रिकांतसुद्धा यांनी खाडाखोड शोधली असणार, असं शेजारी म्हणत. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गोपीनाथ आणि त्यांची धाकटी बहीण लीला, एवढंच घर.

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना नियम पाळायला लावले, त्याने स्वतः मात्र एक नियम मोडला होता. आणि तो मोडलेला नियम रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा पीत असे.

लीलाचं लग्न अकोल्याला झालं होतं. चार वर्षांनी, अठ्ठ्याऐंशी साली, ती एक ट्रंक घेऊन पिपलानीला परत आली. नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. त्यावर तिने फार बोलणं केलं नाही, पण जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, मनाला लागलंय. मग कळलं की लहानपणच्या तापाने हृदयाची झडप खराब केली आहे. वडील काशिनाथराव तेव्हा कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलीला घेऊन ते कारखान्याच्या इस्पितळात गेले, तर खिडकीवरून उत्तर आलं: बायको, नवरा, मुलं, आईवडील. लग्न झालेली मुलगी नाही. बहीण तर नाहीच.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात गोपीनाथ इस्पितळाचा प्रोग्राम लिहीत होता.

प्रोग्राम साधा होता. खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड बघून एक ओळ टाइप करायची. आधी कर्मचाऱ्याचा टोकन नंबर, मग तिरकी रेघ, मग नात्याचं एक अक्षर, परत तिरकी रेघ, शेवटी जन्मसाल. स्वतः कर्मचारी असेल तर एस, बायको डब्ल्यू, नवरा एच, मूल सी, वडील एफ, आई एम. ओळ बरोबर असली की यंत्र पर्ची छापणार आणि पर्ची असली की डॉक्टर बघणार. एका दुपारी विभागातले सगळे कँटीनला समोसे खायला गेले असताना गोपीनाथने त्या सहा अक्षरांच्या खाली सातवं घातलं. के. केच का, याला काही कारण नव्हतं. बोट तिथे होतं. मग लीलाच्या नावाचा फॉर्म त्याने स्वतः भरला, कार्डावर अक्षर लिहिलं, आणि घरी येऊन सांगितलं, "बहिणीसाठी एक नियम आहे. मी शोधून काढला."

घरात कुणी शंका घेतली नाही. नियमाच्या बाबतीत गोपी खोटं बोलेल, हे काशिनाथरावांना मरेपर्यंत सुचलं नाही.

त्या एका अक्षरावर लीला एकोणतीस वर्षं जगत आली होती. दोन हजार चार साली याच कार्डावर इस्पितळाने तिला मोठ्या ठिकाणी पाठवलं, तिथे धातूची झडप बसली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि रक्ताची तपासणी दर महिन्याला. गोळी कमी झाली तर रक्ताची गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यामुळे महिन्याचा पहिला मंगळवार आणि ती खिडकी, हे लीलाचं व्रत होतं. बाकी व्रतं तिने सोडून दिली होती.

गोपीनाथांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते तेव्हा कांचन वैरागडे विभागात आली.

कांचन चार इमलीची, म्हणजे साहेबलोकांच्या वस्तीतली. नागपूरहून सरकारी कार्यालयाबरोबर आलेल्या घराण्यातली, बापाला बंगला, हिला स्कूटी. तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. दिल्लीची एक कंपनी कारखान्यासाठी नवे प्रोग्राम बनवत होती आणि जुन्यांचं नव्यांशी जुळतंय की नाही, हे बघण्याची जबाबदारी कांचनकडे होती. अडचण अशी, की इस्पितळाचा जुना प्रोग्राम नक्की काय स्वीकारतो आणि काय नाकारतो, हे कागदावर कुठेच नव्हतं. मूळ लिखाणाच्या फितींना बुरशी लागून बारा वर्षं झाली होती. यंत्रात चालता प्रोग्राम तेवढा शिल्लक होता, आणि बाहेर पुसदकर.

"मी सांगतो ना," गोपीनाथ म्हणाले. "सहा नाती आहेत. लिहून घ्या."

"लिहून घेते सर, पण विश्वास ठेवत नाही," कांचन म्हणाली. "राग मानू नका. माणूस सांगतो ते नियम वेगळे असतात, आणि प्रोग्राम पाळतो ते वेगळे."

"मग कुणाला विचारणार?"

"प्रोग्रामलाच."

तिने तिच्या यंत्रावर एक दुसरा प्रोग्राम आणला होता. जुन्या प्रोग्रामला तो एकेक ओळ भरवायचा आणि ती ओळ अक्षरागणिक कशी चावली जाते, ते बघत बसायचा. आकडे कुठपर्यंत वाचले, रेघ कुठे शोधली, कुठल्या अक्षरापाशी अडला. त्यावरून तो आपल्या मनाने त्या ओळींचं व्याकरण मांडायचा: आधी हे, मग हे, इथे यांपैकी एक. एकदा व्याकरण हाती आलं, की त्यातून लाखभर नव्या ओळी बनवायच्या, जुन्याला आणि नव्याला सारख्याच भरवायच्या, आणि एक हो म्हणतो नि दुसरा नाही म्हणतो, असं जिथे होईल तिथे बोट ठेवायचं. विभागातल्या लोकांनी दोन दिवसांत त्याचं नाव सासूबाई ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सुनेचा हात बघणारी.

"सुरुवातीला नमुने लागतात," कांचन म्हणाली. "खऱ्या ओळी. पन्नाससाठ द्या."

गोपीनाथांनी साठ ओळी दिल्या. स्वतः बसून, सुवाच्य. सहाही नाती त्यांत होती. के नव्हता. जे दाखवलंच नाही ते कुणी शिकणार कसं, असा त्यांचा हिशोब. तरी राहवलं नाही म्हणून कागद देताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यात जे नाही ते तुमच्या सासूबाईंना कळणार नाही ना?"

"ती तर गंमत आहे!" कांचनने खुर्ची पुढे ओढली. "समजा नात्याच्या जागी मी मुद्दाम झेड टाकला. प्रोग्राम नाही म्हणणार. पण नाही म्हणण्याआधी तो मनातल्या मनात विचारतो ना? एस आहे का? डब्ल्यू आहे का? सी आहे का? जे जे तो विचारतो, ते ही टिपून घेते. मग तेच अक्षर घालून परत येते. नाही म्हणता म्हणता सगळं सांगून टाकतो बिचारा."

गोपीनाथांनी मान डोलावली. पाणी प्यायले. मग पाणी प्यायचं राहिलंच आहे असं वाटून परत प्यायले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी कागद आला. वरून खाली सगळं बरोबर होतं. टोकन नंबर पाच आकडी, रेघ, जन्मसाल दोन आकडी. नात्याच्या रकान्यात एस, डब्ल्यू, एच, सी, एफ, एम. आणि के.

"बाकी तुम्ही सांगितलं तसंच निघालं सर, मान गए," कांचन म्हणाली. "पण ही सातवी कोण?"

"कचरा असेल. जुन्या प्रोग्राममध्ये असतं काहीतरी राहून गेलेलं."

"असेल. मग शेऱ्यात कचरा लिहा आणि सही करा. प्रत्येक नियमापुढे आधार लागतो, परिपत्रकाचा क्रमांक. आधार नसला की दिल्लीवाले नवीन प्रोग्राममधून तो गाळतात. एक तारखेला नवीन सुरू."

पेन गोपीनाथांच्या खिशातच होतं. ते म्हणाले, "उद्या करतो." पस्तीस वर्षांत त्या टेबलावर हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला, आणि कांचनने तो ऐकला.

कचरा लिहिलं तर गोपीनाथ पुसदकर हार घालून, नारळ घेऊन, डाग न लागता घरी जाणार. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी खिडकीवरचं यंत्र लीलाला नाही म्हणणार. एवढं तर त्यांना जागच्या जागी कळलं. पण निदान ते आपल्या घरातलं होतं. बहिणीला शहरात दाखवू, पेन्शनमधून बघू, काहीतरी सांगू. असा विचार करत ते सकाळी स्कूटर काढून इस्पितळात गेले, खिडकीवर केचे काही कागद पडलेत का ते बघायला.

खिडकीवर नरहर होता. वर्ध्याचा, वीस वर्षं त्याच खुर्चीत, पान लावलेला गाल आणि मराठीत निम्मी हिंदी.

"या या साहेब! तुम्ही इकडे? तबियत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. नरहर, तुझ्याकडे नात्याच्या रकान्यात के असलेलं एखादं कार्ड येतं का रे?"

"एखादं?" नरहर हसला. "दीदीवालं अक्षर ना? पंधरा आहेत."

गोपीनाथांनी खिडकीची कड धरली. "पंधरा?"

"हो मग! लीलाताईंनीच तर पाठवल्या सगळ्या. भजनी मंडळातल्या. पहिल्या त्या शालिनीबाई, लेथवरच्या टर्नरच्या बहीण, नवऱ्याने टाकलेल्या, शुगर आहे त्यांना. मी म्हटलं, बाई, बहिणीला नियम नाही. तर मागे रांगेत लीलाताई उभ्या. अशा बरसल्या माझ्यावर! म्हणाल्या, मग माझं कार्ड काय आभाळातून पडलं? मी कार्ड पाहिलं, बरोबर, के. शालिनीबाईंच्या भावाच्या टोकनला के लावून बघितलं, मशीनने पटकन घेतलं. मग मीच इथे कार्ड करून दिलं."

"आणि तू कुणाला विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारायचं साहेब?" नरहरने खरंच नवल केलं. "प्रोग्राम तुमचा. तुम्ही तर रेघेबाहेरची सही घेत नाही. तुमच्या प्रोग्रामने घेतलं म्हणजे नियम असणारच, यार. आहे ना?"

गोपीनाथांनी रजिस्टर मागून घेतलं आणि पंधरा नावं वाचली. टाकलेल्या बहिणी, विधवा बहिणी, एक अंध बहीण, जिचं लग्नच झालं नव्हतं. मग परत पहिल्यापासून वाचली. ते एक नाव शोधत होते. शहाण्णव साली टर्बाइन शॉपमधला शंकर त्यांच्याकडे आपल्या बहिणीसाठी अर्ज घेऊन आला होता, सुचेता तिचं नाव. इस्पितळाने बहिणींना कार्ड द्यावं, अशी रीतसर मागणी, दोन पानं. प्रोग्राममधले बदल त्यांच्याच हाती असल्यामुळे तो पुढे पाठवायचं काम गोपीनाथांचं होतं. लीलाच्या कार्डाकडे कुणाची नजर जाऊ नये म्हणून त्यांनी तो 'नियमात बसत नाही' लिहून तिथल्या तिथे परत केला होता. शंकर नंतर कधी बोलला नाही, मग नोकरी सोडून गेला. सुचेताचं नाव पंधरांत नव्हतं. दुसऱ्यांदा वाचल्यावरही नव्हतं.

विभागात परत आल्यावर कांचन त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, "सर, मी इस्पितळातून तीन वर्षांच्या ओळी मागवल्या होत्या. केच्या ओळी आहेत त्यात. रोजच्या. कचरा नाहीये हा."

"नाही."

"ठीक." तिने मागे वळून आसपास कुणी नाही हे बघितलं. "मग आधार लिहा. एकोणनव्वदची परिपत्रकं कोण शोधत बसणार आहे? जुन्या फायली वाळवीने खाल्ल्या. तुम्ही लिहिलेला नंबर कुणी तपासणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

ती गेली. गोपीनाथांनी कागद ओढला. परिपत्रकाचा क्रमांक कसा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आधी विभागाची अक्षरं, मग वर्ष, मग कक्षाचा आकडा, मग तारीख. एक क्रमांक त्यांच्या डोक्यात आपोआप तयार झाला. सुरेख होता. तारीखसुद्धा रविवारची नव्हती. मग दुसरा झाला, तिसरा झाला, एकाहून एक खरे वाटणारे. सासूबाई लाखभर ओळी बनवत होती ती अशीच, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आपल्याला हे इतकं सहज जमतंय याची त्यांना भीती वाटली. पेन बंद करून ते साडेबाराला जेवायला घरी गेले.

लीला मेथी निवडत बसली होती. तिला स्वतःला पालेभाजी मोजूनमापूनच खाता येई, गोळीशी जमत नाही म्हणून, मेथी दादासाठी.

"लवकर आलास?"

"लीला, तुझं कार्ड खोटं आहे."

"खोटं म्हणजे? फाटलं कुठे? परवाच तर चिकटपट्टी लावली."

गोपीनाथांनी सगळं सांगितलं. उभ्यानेच, हात मागे बांधून, जसं ते साहेबांपुढे उभे राहत. समोसे, दुपार, सातवं अक्षर, सासूबाई, नरहर. लीलाने काडी हातात धरलेली होती ती तशीच राहिली.

"म्हणजे नियम नव्हताच."

"नव्हता."

"आणि मी त्या पंधरा बायकांना..."

"चौदा. पंधरावी तू."

"आत्ताही मोजतोयस!" लीला ओरडली, आणि ओरडल्याबरोबर तिला दम लागला. गोपीनाथ पाणी आणायला वळले तर तिने हाताने थांबवलं. दम खाली बसल्यावर ती बोलली ते अगदी हळू.

"मला विचारायचं होतंस. तेव्हा बाबा होते, माझ्या अंगात धमक होती. अर्ज केला असता. नाही म्हटले असते तर जाऊन दारात बसले असते. तू मला औषध दिलंस दादा, आणि माझं भांडण मात्र काढून घेतलंस."

"तू मेली असतीस."

"कदाचित." तिने मेथीची जुडी बाजूला सारली. "नाकारत नाही मी ते."

"एक मार्ग आहे," गोपीनाथ म्हणाले. "आधाराचा नंबर लिहितो. कुणाला कळणार नाही. सगळ्यांचं चालू राहील, तुझंही."

लीलाला मोह झाला होता, हे गोपीनाथांना दिसलं. महिन्याचा पहिला मंगळवार नऊ दिवसांवर होता.

"पुढे कधी कुणी तपासलं तर?"

"मी तोवर रिटायर झालेला असेन."

"तू असशील. खिडकीवर उभी कोण असेल? शालिनी. तिला चोर म्हणतील. आणि ती म्हणेल, मला लीलाताईंनी सांगितलं." ती उठली, ओट्याला धरून उभी राहिली. "खरं लिही. चौदा घरी मी जाते. मीच पाठवलं होतं त्यांना." आणि पाठ फिरवल्यावर, भांडं घासायला घेत, "तेवढं रक्त कुठे तपासायचं, ते मात्र शोधून ठेव. मला एकटीला त्या शहरातलं काही कळत नाही."

दुपारी गोपीनाथांनी कागद भरला. नियम: घरी परत आलेली किंवा निराधार बहीण, अक्षर के. वापर: पंधरा कार्डं. आधार: परिपत्रक नाही. सन १९८९ मध्ये मी स्वतः, परवानगीशिवाय, माझ्या बहिणीसाठी घातला. खाली शेरा: गरज खरी आहे, नियम करावा. सही.

कांचनने वाचलं. परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "सर, हे एकदा पाठवलं की परत येत नाही."

"माहीत आहे."

"मी ती ओळींची भानगड काढली नसती तर..."

"तुम्ही तुमचं काम केलंत. चांगलं केलंत. पाठवा."

चार दिवसांनी समितीपुढे बोलावणं आलं. तीन साहेब, एक टेबल, चहा फक्त टेबलाच्या त्या बाजूला. ओरडलं कुणी नाही. मधले साहेब तर जवळजवळ मायेनेच बोलले. "पुसदकरजी, आप जैसा आदमी! हमदर्दी हमें भी है. लेकिन टाउनशिप से ऐसी कोई माँग तो आज तक आई ही नहीं. तीस साल की फाइल देखी हमने. एक अर्ज़ी नहीं."

"आई थी सर," गोपीनाथ म्हणाले. "छियानवे में. एक. मैंने लौटा दी थी."

साहेबांनी चश्मा काढला. कारण विचारलं. गोपीनाथांनी कारणही सांगितलं. मग खोलीत त्यांच्याबद्दल हमदर्दी असलेलं कुणी राहिलं नाही, आणि त्यात साहेबांची चूक आहे असं त्यांना वाटलंही नाही.

निर्णय असा झाला: के एक तारखेपासून बंद. मागणी विचाराधीन. पुसदकरांवर चौकशी, आणि ती संपेपर्यंत निवृत्तीचे कागद थांबवलेले. पिपलानीत बातमी संध्याकाळच्या आत पोचली. ज्यांचे अर्ज त्यांनी वर्षानुवर्षं परत केले होते, ते भाजीच्या गाड्याशी मुद्दाम थांबून विचारू लागले, "क्यों साहब, दोनों कान दिखे थे दीदी के फोटो में?" गोपीनाथ भाजी घेऊन निघून येत. विचारणाऱ्यांचा हक्क होता.

लीला चौदा घरी गेली. रोज तीन, जास्त जिने झेपत नव्हते. कुठे रडारड झाली, कुठे पाणीही विचारलं गेलं नाही. अंध बहिणीने म्हणे तिचा हात धरून ठेवला आणि नुसतं विचारलं, "तो अब?" शालिनीने दार लावून घेतलं. पण तिसऱ्या दिवशी तीच क्वार्टरवर आली, गोपीनाथांकडे न बघता लीलाला म्हणाली, "मंगळवारी मीही येते शहरात. इन्सुलिन संपलंय."

त्या मंगळवारी सकाळी लीला, शालिनी, भजनी मंडळातल्या आणखी दोघी आणि गोपीनाथ सिटी बसने जुन्या भोपाळमधल्या सरकारी दवाखान्यात गेले. रांग पोर्चमधून बाहेर उन्हात आलेली. अकरा वाजता लीलाचं रक्त घेतलं, रिपोर्ट शुक्रवारी. कारखान्याच्या इस्पितळात तो दुपारी मिळे आणि त्यावरून त्या दिवसाची गोळी ठरे. "तोपर्यंत किती घ्यायची?" लीलाने विचारलं. "जितनी ले रही हो, उतनी," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि पुढचा नंबर पुकारला. शालिनीचं इन्सुलिन आलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये शालिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा गोपीनाथांशी बोलली. "ते मागणीचं काय झालं, भाऊसाहेब?"

"विचाराधीन आहे."

"म्हणजे काय?"

गोपीनाथांनी जन्मभर हा शब्द दुसऱ्यांच्या कागदांवर लिहिला होता. ते म्हणाले, "म्हणजे अजून कुणी वाचलेली नाही."

लीला खिडकीशी बसली होती, दंडावर कापसाचा बोळा दाबून. बस कारखान्याच्या गेटाशी आली तशी ती उठली. "उतरा."

"अजून दोन स्टॉप आहेत," गोपीनाथ म्हणाले.

"मला ठाऊक आहे."

चौघी उतरल्या. प्रशासनाची इमारत गेटाच्या अलीकडेच होती, साहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गोपीनाथ मागून गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर लीला थांबली, कठड्याला धरून, ओठ जरा निळे पडलेले. त्यांनी तिच्या कोपराला हात लावला तर तिने तो सोडवून घेतला.

"तू खाली जा."

"लीला, आज रक्ताच्या रिपोर्टचा पत्ता नाही. दोन मजले चढू नकोस. मी वर जाऊन सांगतो त्यांना."

"तू काय सांगणार? तुझी चौकशी चालू आहे. तुझं कुणी ऐकणार नाही आता, दादा." हे तिने टोचून नाही म्हटलं, नुसतं सांगितलं. मग शालिनीच्या खांद्यावर हात टाकून ती पुढची पायरी चढली, थांबली, आणखी एक चढली.

वरून शिपायाचा आवाज आला, साहब मीटिंग में हैं, आज नहीं मिलेंगे. आणि लीलाचा, धापा टाकत, तुकड्यातुकड्याने: "कोई बात नहीं भैया. हम बैठे हैं. कुर्सी दे दो एक, मुझसे खड़ा नहीं रहा जाता."

खुर्ची ओढल्याचा आवाज येईपर्यंत गोपीनाथ वळणावरच उभे होते. तो आला, पण मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खाली जावं की वर, हे त्यांना ठरवता येईना. लीलाच्या गोळ्यांची पिशवी त्यांच्याच हातात राहिली होती.